चार टेबलं, एक अर्ज : प्राध्यापक आणि ग्रंथपालांची संघटना नेमकी काय करते

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेला सहायक प्राध्यापक पहिल्या वर्षभरात दोन वाक्यं हमखास ऐकतो. एक म्हणजे, ‘सर, संघटनेची पावती फाडायची राहिली तुमची.’ दुसरं स्टाफरूमच्या कोपऱ्यात, जरा आवाज खाली आणून : ‘आत्ताच कशाला नाव लावता? प्रोबेशन तर संपू द्या.’ दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं बहुधा भलीच असतात. पण संघटना म्हणजे काय, तिच्यात गेल्यावर काय मिळतं, काय मिळत नाही आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, हे बसवून घेऊन कुणी सांगत नाही. ग्रंथपालाला तर पावतीचंही कुणी विचारत नाही. ‘तुम्ही शिक्षकांत की शिक्षकेतरांत?’ इथेच गाडी अडते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू.

तुमचा मालक कोण?

कारखान्यातल्या कामगाराला हे सांगायला वेळ लागत नाही. जो नेमतो तोच पगार देतो आणि तोच काढून टाकतो. अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचं तसं नाही. त्याला नेमते शिक्षण संस्था. नेमणुकीच्या पत्रावर सही अध्यक्षांची किंवा सचिवांची असते. त्या नेमणुकीला मान्यता देतं विद्यापीठ. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पगार येतो राज्य सरकारकडून, विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत. आपण सगळे त्याला जेडी ऑफिस म्हणतो. एक संभाजीनगरला, एक नांदेडला. आणि पात्रता काय, वेतनस्तर कोणता, बढती कधी, हे ठरवतो दिल्लीतला विद्यापीठ अनुदान आयोग. आयोगाचे सध्याचे नियम 18 जुलै 2018 चे आहेत. राज्याने सातवा वेतन आयोग लागू करताना ते 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने स्वीकारले.

म्हणजे टेबलं चार झाली. तुमचा अर्ज एकच, पण त्याचं भवितव्य या चारही टेबलांवर ठरतं, आणि प्रत्येक टेबलाला ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे विचारा’ असं म्हणायची सोय आहे.

कॅसचं उदाहरण घ्या. कॅस म्हणजे सेवेची ठरावीक वर्षं आणि काम पूर्ण झालं की वरच्या वेतनस्तरात जाण्याची योजना. सहायक प्राध्यापक स्तर 10 वर रुजू होतो, मूळ वेतन 57,700 रुपये. पीएच.डी. असेल तर 4 वर्षांनी, एम.फिल. असेल तर 5 वर्षांनी आणि दोन्ही नसेल तर 6 वर्षांनी तो स्तर 11 साठी पात्र ठरतो. त्यासाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे प्रशिक्षणवर्ग झालेले असले पाहिजेत, दरवर्षीचा मूल्यमापन अहवाल भरलेला असला पाहिजे. कागदावर प्रकरण इतकं सरळ आहे.

प्रत्यक्षात फाइल आधी महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाकडे जाते, तिथून प्राचार्यांकडे. प्राचार्य विद्यापीठाला पत्र देतात, विद्यापीठ विषयतज्ज्ञ नेमतं. मग समितीची तारीख ठरते; एक सदस्य येऊ शकला नाही की ती पुढे जाते. समिती झाली की इतिवृत्त, इतिवृत्तावर सह्या, विद्यापीठाचं पत्र, मग जेडी ऑफिसला प्रस्ताव. तिथे ‘त्रुटी’ निघते. त्रुटीचं पत्र महाविद्यालयाला येतं आणि अनेकदा कार्यालयातच पडून राहतं. ज्याची फाइल आहे त्याला ते दिसतच नाही. वर्ष निघून जातं. मग कुणीतरी सांगतं, ‘सर, तुमच्या फाइलला त्रुटी लागून आठ महिने झाले की.’

या सगळ्यात कुणी दुष्ट नाही, कुणी कायदा मोडलेला नाही, तरी तुमचा हक्क अडकलेला आहे. एकट्याने पाठपुरावा करायचा म्हणजे तास बुडवून, रजा टाकून एसटीने संभाजीनगर किंवा नांदेड गाठायचं, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकायचं आणि रात्री परत यायचं. सेलू, भूम किंवा किनवटच्या माणसाला हा पूर्ण दिवसाचा उद्योग असतो. संघटनेचा माणूस तेच काम तीस फाइलींचं एकदम करतो. त्याला कुठली त्रुटी खरी आणि कुठली नुसती वेळकाढू हे ठाऊक असतं, आणि त्याच्या निवेदनावर आवक क्रमांक पडला की त्याचं उत्तर टाळणं कार्यालयाला अवघड जातं. माझ्या मते संघटनेचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. मोर्चा पेपरात येतो, हे येत नाही.

एकट्याने न सुटणारे प्रश्न

फाइलीचा प्रश्न निदान माणसागणिक सुटू तरी शकतो. काही प्रश्न असे असतात की ते एकाचे सुटले असं होतच नाही. सुटले तर सगळ्यांचे, नाहीतर कुणाचेच नाही.

नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा प्रश्न तसा होता. 23 ऑक्टोबर 1992 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेट किंवा सेट नसताना रीतसर निवड समितीतून लागलेले शिक्षक महाराष्ट्रात हजारोंनी होते. जागा मंजूर, पगार सरकारचा, विद्यापीठाची मान्यता. पण पात्रतेचा मुद्दा काढून त्यांचं स्थाननिश्चितीचं, म्हणजे वरच्या वेतनस्तरात बसवण्याचं प्रकरण वर्षानुवर्षं लटकत ठेवलं गेलं. 27 जून 2013 च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित झाल्या, पण निर्णयाच्या तारखेपासून, मूळ नेमणुकीपासून नाही. मग आधीची सेवा कॅससाठी धरायची की नाही यावर न्यायालयात पुढची लढाई सुरू झाली. यातला एकेक शिक्षक स्वतःचा वकील लावून उभा राहिला असता तर तो किती दिवस टिकला असता? राज्यभरातल्या संघटना या प्रश्नामागे लागून राहिल्या म्हणून तो विषयपत्रिकेवर राहिला.

राज्यपातळीवर हे काम करणाऱ्या महासंघाचं नाव एमफुक्टो, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षक संघटनांचा महासंघ. तुम्ही थेट एमफुक्टोचे सभासद होत नाही. तुम्ही आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या संघटनेचे सभासद होता, संभाजीनगर भागात बामुक्टो, नांदेड भागात स्वामुक्टा, आणि ती संघटना महासंघाशी जोडलेली असते. याशिवाय वेगळ्या विचारांच्या, वेगळ्या महासंघांशी जोडलेल्या संघटनाही आहेत. विद्यापीठ परिसरातल्या विभागांत शिकवणाऱ्यांची, प्राचार्यांची आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची संघटना निराळी असते. कुठे जायचं हे तुमच्या पदावरून आणि विचारांवरून ठरतं.

आंदोलनाची किंमतही सांगायला हवी, कारण नव्या माणसाला फक्त फायदे सांगणं बरोबर नाही. 2013 च्या फेब्रुवारीत एमफुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटचा प्रश्न या मुख्य मागण्या होत्या. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर मे महिन्यात बहिष्कार मागे घेतला गेला. थकबाकीचा प्रश्न हलला, पण सरकारने बहिष्कारात असलेल्यांचा 71 दिवसांचा पगार रोखला. ते 71 दिवस पुढे कित्येक वर्षं मागणीपत्रावर राहिले. 25 सप्टेंबर 2018 पासून जे बेमुदत कामबंद आंदोलन झालं, त्यातही रिक्त जागा भरा, जुनी पेन्शन द्या, यांच्या जोडीला ‘71 दिवसांचा पगार द्या’ ही मागणी होतीच. ज्याच्या घरात एकाच पगारावर भागतं त्याला अडीच महिने पगाराशिवाय काढणं काय असतं हे वेगळं सांगायला नको. आणि परीक्षा लांबल्या की विद्यार्थ्यांचे आईबाप आपल्याकडे कोणत्या नजरेने बघतात हेही त्या काळात ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. म्हणूनच बहिष्काराचा निर्णय ज्या सभेत होतो त्या सभेला हजर राहायला हवं. गैरहजर राहून नंतर कुरकुर करण्यात काही हशील नाही.

ग्रंथपाल कुठे बसतो?

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो, तो.

‘ग्रंथपाल शिक्षक आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 ने देऊन ठेवलेलं आहे. हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू आहे, आणि त्यातल्या ‘शिक्षक’ या शब्दाच्या व्याख्येत प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांच्या जोडीने ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक यांचाही समावेश आहे. वेतनातही तेच. महाविद्यालयीन ग्रंथपालाची सुरुवात सहायक प्राध्यापकाप्रमाणेच स्तर 10 वर, 57,700 रुपयांवर होते आणि कॅसच्या पायऱ्याही आहेत. तेव्हा ग्रंथपालाने शिक्षकांच्या संघटनेत जाणं हा कुणाचा उपकार नाही. ग्रंथालय लिपिक, ग्रंथालय परिचर हे मात्र शिक्षकेतर कर्मचारी. त्यांची संघटना वेगळी. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे 1967 च्या ग्रंथालय कायद्याच्या चौकटीत येतात. त्यांचे हाल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पण व्याख्येत नाव असणं वेगळं आणि महाविद्यालयात वजन असणं वेगळं. मराठीच्या विभागात तीन जण असतील, रसायनशास्त्रात पाच. ग्रंथपालाचं पद मात्र बहुतेक महाविद्यालयात एकच. त्याचं दुखणं ज्याला आतून कळेल असा दुसरा माणूस त्या इमारतीत नसतो. स्टाफ मीटिंगमध्ये तो कायम एकाचाच आवाज. त्यामुळे ज्याला संघटनेची सगळ्यात जास्त गरज, तोच तिच्यापासून सगळ्यात लांब राहिलेला दिसतो.

त्याची दुखणी कोणती? एक जवळून बघू. समजा, तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय आहे. ग्रंथालय खुल्या पद्धतीचं आहे, म्हणजे मुलांनी कपाटापर्यंत जाऊन पुस्तक स्वतः काढायचं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून खुली पद्धत आधी प्राचार्यांनीच सुरू करायला लावलेली. परिचराचं पद निवृत्तीनंतर भरलेलं नाही. देवघेवीच्या टेबलावर, नियतकालिकांजवळ, दाराशी, सगळीकडे एकच माणूस. तीन वर्षांनी पुस्तकांची मोजणी होते. दाखल नोंदवहीचा क्रमांक आणि कपाटातलं पुस्तक यांचा मेळ घालता घालता साठ-सत्तर पुस्तकं कमी भरतात : स्पर्धा परीक्षेची, अभ्यासक्रमातली, दोन-चार जुने शब्दकोश. महिनाभरात ग्रंथपालाच्या हातात पत्र पडतं की ही रक्कम आपल्या वेतनातून वसूल का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

एकटा माणूस इथे घाबरतो. पैसे भरून मोकळं व्हावं असं त्याला वाटतं, आणि अनेकजण भरतातही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 215 वा नियम नेमका याच विषयावर आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे 5 पुस्तकं गहाळ होणं हे त्या नियमाने वाजवी धरलं आहे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. 1,000 रुपयांपेक्षा महाग पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, राज्यातल्या खासगी महाविद्यालयाला तो जसाच्या तसा बांधून घेत नाही, हे खरं. पण खुलाशात तो दाखवला, देवघेवीचे वर्षावर्षाचे आकडे जोडले, परिचराचं पद कधीपासून रिकामं आहे ते लिहिलं आणि ते भरण्यासाठी आपण दिलेल्या पत्रांच्या प्रती लावल्या, की वसुलीच्या पत्राचा सूर बदलतो. मग विषय ग्रंथालय समितीपुढे जातो, निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून वगळण्याचा ठराव होतो. हा खुलासा कसा लिहायचा, हे आधी या प्रसंगातून गेलेल्या दुसऱ्या ग्रंथपालाला माहीत असतं. तो शेजारच्या तालुक्यात असतो, आणि त्याची तुमची गाठ संघटनेत पडते.

दुसरी दुखणी थोडक्यात : उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवायला लावतात पण त्या बदल्यात रजा जमा करण्याचा विषय कुणी काढत नाही, नॅक, संकेतस्थळ, ओळखपत्रं, परीक्षेचं बैठक नियोजन अशी चार कामं ‘तुम्हाला तास नसतात ना’ म्हणून अंगावर येतात, कॅसचे निकष शिक्षकांच्या कामाला धरून बघितले जातात आणि ग्रंथपालाने केलेलं संगणकीकरण मोजताना समिती अडखळते.

संघटनेलाही इथे दोन शब्द सुनवावेसे वाटतात. मागणीपत्रात ग्रंथपालांचा मुद्दा शेवटून दुसरा टाकायचा आणि चर्चेला बसल्यावर वेळ संपला म्हणून तो सोडायचा, असं पुष्कळ वर्षं चालत आलं आहे. ग्रंथपाल सभासद झाले, जिल्हा कार्यकारिणीत आले, तरच हा क्रम बदलेल.

कायदा किती साथ देतो

संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(ग) मध्ये आहे. नागरिकांना ‘अधिसंघ वा संघ’ बनवता येतो, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. सभासद होणं हा गुन्हाही नाही आणि गैरवर्तनही नाही.

संप करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 च्या बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की संघ बनवण्याचा मूलभूत हक्क आहे म्हणून संपाचाही मूलभूत हक्क आहे असं होत नाही. 2003 मध्ये तमिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात ते आणखी कडक शब्दांत आलं.

शिक्षकांची एक अडचण खास त्यांचीच आहे. शिक्षण संस्था ही ‘उद्योग’ आहे असं 1978 च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ठरलं. पण शिक्षक हा ‘कामगार’ नाही असं 1988 मध्ये सुंदरंबाळ या गोव्यातल्या शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं. दोन्ही निर्णय सर्वोच्च न्यायालयाचेच. त्यामुळे नोकरीवरून काढलं तर कारखान्यातला माणूस कामगार कायद्याखाली दाद मागू शकतो, प्राध्यापक मागू शकत नाही.

मग त्याने जायचं कुठे? राज्याच्या विद्यापीठ कायद्याने दोन दारं ठेवली आहेत. कलम 79 खाली विद्यापीठात तक्रार निवारण समिती असते. ज्येष्ठता, रजा, अडवलेली कागदपत्रं अशा तक्रारी तिथे जातात. बडतर्फी, सेवेतून काढणं, सेवासमाप्ती, पदावनती असं काही झालं तर कलम 81 खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील करायचं. त्याची मुदत आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांची आहे. हे 30 दिवस लक्षात ठेवा. ‘अध्यक्षसाहेबांना भेटू, मधला माणूस घालू, दिवाळीनंतर बघू’ असं करता करता ते संपतात, आणि मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करायची वेळ येते. आदेश हातात पडल्यावर संघटनेला लगेच फोन करायचा तो याचसाठी.

पगार, पेन्शन, शासन निर्णय यांवरचे वाद उच्च न्यायालयात, आपल्यासाठी संभाजीनगरच्या खंडपीठात, रिट याचिकेने जातात. तिथे संघटना सभासदांच्या वतीने उभी राहू शकते. खर्च वाटला जातो, आणि याचिकेवर एकट्याचं नाव झळकत नाही.

नोंदणीबद्दल एवढंच. काही शिक्षक संघटना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहेत, काही कामगार संघटना म्हणून 1926 च्या कायद्याखाली नोंदल्या गेल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झाली आणि 1926 चा कायदा तिच्यात गेला. किमान 7 सभासद हवेत, आणि जिथे ते काम करतात तिथल्या 10 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या लहान ती गाठायला हवी, ही अट पुढेही तशीच आहे. सभासदाने आपली संघटना कुठे नोंदलेली आहे हे विचारून घ्यावं. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असायला हवा.

तासिकेवरच्या सरांचं काय?

आपल्याकडच्या महाविद्यालयांत निम्मं शिकवणं ज्यांच्या खांद्यावर चाललं आहे अशी भावना कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळते, ते म्हणजे सीएचबीवरचे, तासिका तत्त्वावरचे शिक्षक. 2018 च्या नोव्हेंबरात पदवीच्या तासाचा दर 500 रुपये झाला, 2023 मध्ये 900. आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास. हिशेब करा : महिन्याचे 36 तास धरले तर 32,400 रुपये, तेही तास झाले तर. दिवाळी, उन्हाळा, परीक्षेचे दिवस यांचं काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 च्या जानेवारीत अतिथी शिक्षकांसाठी तासाला 1,500 आणि महिन्याला 50,000 रुपयांपर्यंत देण्याचं सांगितलं होतं. नेट, सेट, पीएच.डी. झालेला, चाळिशीला टेकलेला माणूस दर जूनला नव्याने मुलाखत देतो आणि आदेश हातात यायच्या आधीच वर्गावर जातो. मानधन कधी होईल हे त्याने विचारायचंही नसतं.

हा माणूस संघटनेत असला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. काही संघटना त्याला सभासद करून घेतात, काहींच्या घटनेत पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकच बसतो. विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीत त्याला मत नाही, म्हणून निवडणूक लढवणाऱ्यांना तो दिसत नाही, हे दुखणंही त्यातलंच. रिक्त जागा भरा ही मागणी पूर्णवेळ शिक्षकाला कार्यभाराची वाटते. सीएचबीवाल्याला ती त्याच्या अख्ख्या आयुष्याची आहे. दोघांनी वेगवेगळ्या मंडपात बसून चालणार नाही.

सभासद व्हायचं म्हणजे काय करायचं

फार काही नाही. एका पानाचा अर्ज असतो : नाव, पद, विषय, महाविद्यालय, रुजू झाल्याची तारीख, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र. वर्गणी वार्षिक किंवा आजीव. अर्ज महाविद्यालयातल्या शाखेच्या सचिवाकडे द्यायचा, शाखा नसेल तर जिल्हाध्यक्षांकडे. पैसे रोख दिले तरी छापील पावती घ्यायची. ‘लिहून ठेवलंय सर, पावती नंतर देतो’ याला हो म्हणू नये. कारण संघटनेच्या निवडणुकीत मतदार कोण, हे पावतीच्या वहीवरूनच ठरतं.

पैसे देण्याआधी मात्र तिची घटना मागा आणि तीन गोष्टी त्यात व तिच्या कामात बघा. पदाधिकाऱ्यांची निवडणूक मागच्या वेळी कधी झाली? ताळेबंद सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जातो का? आणि पदाधिकारी स्वतः संस्थाचालकांच्या मांडीला मांडी लावून बसणारा आहे का? पहिल्या दोनांची उत्तरं कागदावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर दोन-चार महाविद्यालयांत चहा घेतला की मिळतं.

प्रोबेशनच्या भीतीचं सांगतो. आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे परिविक्षा एक वर्षाची, आणि फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते. त्या काळात संस्थेला काढायचंच असेल तर ती कामाचं कारण देते, संघटनेचं नाव कुठेही येत नाही. म्हणून भीती खोटी नाही. पण उपाय नाव न लावणं हा नसतो. दर तासाची नोंद, हजेरीपट, मूल्यमापन अहवालाची पोच, प्राचार्यांच्या सहीचं वेळापत्रक, असं सगळं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या फाइलीत ठेवणं हा आहे. ज्याचे कागद नीट आहेत त्याच्यासाठी संघटनेला भांडता येतं. ज्याच्याकडे नेमणुकीच्या आदेशाची प्रतही नाही, त्याच्यासाठी तिचं अर्धं बळ कागद गोळा करण्यातच जातं. विनाअनुदानित महाविद्यालयात बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातला भाग रोख परत मागतात, अशा तक्रारी कानावर येतात. तिथेही बँकेचा उतारा आणि परत दिलेल्या रकमेची तारीखवार वही हाच पुरावा.

सभासद झाल्यावर दुसरी जागा म्हणजे महाविद्यालय विकास समिती. विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 प्रमाणे तिच्यात पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले 3 शिक्षक असायला हवेत, त्यांतली किमान एक स्त्री. कित्येक महाविद्यालयांत ही निवडणूक होतच नाही. प्राचार्य तीन नावं सुचवतात आणि सगळे मान हलवतात. निवडणूक घ्या असं पत्र शाखेने दिलं तर कायदा तिच्या बाजूने असतो, आणि ग्रंथपालही शिक्षक असल्याने त्यालाही उभं राहता येतं. ग्रंथालयाचं अंदाजपत्रक, परिचराचं रिकामं पद, संगणकांची खरेदी हे विषय याच समितीपुढे येतात.

तुमच्या महाविद्यालयात शाखाच नसेल आणि तुम्ही एकटेच ग्रंथपाल असाल, तर अर्ज थेट जिल्हा शाखेला पाठवा, पदाच्या रकान्यात ‘ग्रंथपाल’ असं स्पष्ट लिहा, आणि सोबत एका ओळीत विचारा की जिल्ह्यात आणखी कोण ग्रंथपाल सभासद आहेत, त्यांचे नंबर कळवावेत.